शोकातली दाढी

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

गोष्ट बऱ्याच वर्षांपूर्वीची आहे. आमच्या कचेरीत एक बेने इस्रायल सहकारी होता. बेने इस्रायल म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू, ज्यांना गावोगाव 'शनिवार तेली' म्हणत. ह्या गृहस्थाच्या आडनावाच्या शेवटी 'कर', बोलणे थेट अलिबागकडचे, आणि पावसाळ्यात डब्यात हटकून वालाचे बिरडे. माणूस मोठा टापटिपीचा. रोज सकाळी दाढी घोटून, इस्त्रीच्या कपड्यांत हजर. त्याचे वडील वारले. आठवडाभर तो आला नाही. आला तेव्हा गालांवर खुंट वाढलेले. दुःखात माणसाला भान राहत नाही, असे म्हणून आम्ही गप्प बसलो. पण पंधरवडा झाला, महिना झाला, दुसरा महिना संपत आला, तरी दाढी आपली वाढतेच आहे. शेवटी एकदा जेवणाच्या सुट्टीत मी त्याला म्हणालो, "अरे, आता पुरे कर की ही दाढी! साहेब बघतात, बाहेरची माणसं बघतात. वडील असते तर त्यांना तरी आवडलं असतं का हे?"

बोलून गेलो आणि जीभ चावली. पण तो रागावला नाही. दुसऱ्या दिवशी गुळगुळीत दाढी करून आला, माझ्या टेबलाशी थांबला आणि हळूच "थँक यू" म्हणाला. हे आभार कशाबद्दल, ते मला पुष्कळ वर्षांनी, ज्यूंच्या शोकाचे नियम वाचताना कळले. ते कसे, हे सांगायचे तर थोडे मागे जावे लागेल.

आपल्याकडे वडील गेले की मुलगा क्षौर करतो. डोके, दाढी, मिशी सगळे उतरवतो. रस्त्यात तुळतुळीत डोक्याचा ओळखीचा माणूस दिसला की आपला आवाज आपोआप खाली येतो. विचारावे लागत नाही. शोक झाला की आपला हात वस्तऱ्याकडे जातो. ज्यूंचा नियम नेमका उलटा. शोक झाला की वस्तरा, कात्री दूर ठेवायची. केस वाढू द्यायचे. एकाच दुःखाला दोन समाजांनी अशा विरुद्ध खुणा का द्याव्यात?

हा प्रश्न जुन्या लोकांनाही पडला होता. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात इजिप्तविषयी लिहीत होता. तो सांगतो की इतर देशांत जवळचे माणूस गेले की केस कापतात, पण इजिप्तचे लोक एरवी गुळगुळीत राहतात आणि शोकात मात्र डोक्याचे नि दाढीचे केस वाढवतात. (त्याच इजिप्तमध्ये घरातली मांजर मेली तर सगळे कुटुंब भुवया काढत असे, हेही तोच सांगतो. मांजरीसाठी भुवया आणि कुत्र्यासाठी डोक्यासकट सगळे अंग, असा त्यांचा हिशेब होता.) पुढे इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या प्लुटार्कने ह्यामागचे सूत्र सोपे करून मांडले. ग्रीसमध्ये संकट आले की बायका केस कापतात आणि पुरुष वाढवतात. कारण एरवी बायका वाढवतात आणि पुरुष कापतात. म्हणजे शोकाची खूण अमुक एक नाही. रोज जे करतो त्याच्या उलट करणे, हीच खूण. जर्मनीच्या जंगलात इसवी सन ९ मध्ये रोमची तीन सैन्यदळे कापली गेली, तेव्हा सम्राट ऑगस्टस कित्येक महिने दाढी न करता, केस न कापता राहिला होता, अशी नोंद आहे. रोज दाढी करणाऱ्या रोममध्ये ह्याहून मोठ्याने शोक सांगायची गरज नव्हती.

हे सूत्र हाताशी धरले की ज्यूंच्या इतिहासातले एक कोडे उलगडायला लागते. कारण फार जुन्या काळी तेही शोकात केस कापतच होते. बायबलच्या जुन्या करारात ह्याचे पुरावे जागोजागी आहेत. ईयोबाची मुले एका दिवसात मेली तेव्हा त्याने झगा फाडला आणि डोके मुंडवले. आमोस, मीखा, यशया हे संदेष्टे येणाऱ्या विनाशाचे वर्णन करताना मुंडवलेल्या डोक्यांविषयी बोलतात. आणि त्याच ग्रंथसंग्रहात, लेवीय आणि अनुवाद ह्या पुस्तकांत, स्पष्ट मनाईही आहे: मेलेल्यासाठी डोके भादरू नका, दाढीचे कोपरे कापू नका, अंगावर वार करून घेऊ नका. शेजारच्या लोकांच्या मृतांसाठीच्या विधींपासून स्वतःला वेगळे ठेवायचे, हा त्यामागचा हेतू असावा असे अभ्यासक बहुधा मानतात. मनाई करावी लागली, ह्याचा अर्थच लोक ते करत होते.

ह्या संदर्भात यिर्मयाच्या पुस्तकातला एक प्रसंग मला फार अस्वस्थ करतो. इसवी सनापूर्वी ५८६ मध्ये बाबिलोनच्या नबुखद्नेस्सरने यरुशलेम जिंकले आणि तिथले मंदिर जाळले. मागे उरलेल्या गोरगरिबांवर त्याने गदल्या नावाचा त्यांच्यातलाच एक अधिकारी नेमला. राजवंशातल्या इश्माएल नावाच्या माणसाने मिस्पा गावी त्याचा खून केला. ही बातमी बाहेर फुटायच्या आत, दुसऱ्याच दिवशी, शखेम, शिलो आणि शोमरोनकडून ८० माणसे वाटेने आली. दाढ्या काढलेल्या, कपडे फाडलेले, अंगावर जखमा करून घेतलेल्या, आणि हातांत धान्याचे अर्पण नि ऊद. परमेश्वराच्या घराकडे निघाली होती. ते घर आता राहिले नव्हते. इश्माएल स्वतः रडत त्यांना सामोरा गेला, गावात घेऊन आला आणि त्यांना कापून आसा राजाने बांधलेल्या टाक्यात टाकले. शेतात गहू, जव, तेल नि मध दडवून ठेवल्याचे सांगून त्यांतल्या दहांनी जीव वाचवला.

आता त्यांच्या दाढ्यांकडे पाहा. जळालेल्या मंदिराच्या शोकात हे लोक दाढी काढून आले होते. ग्रंथ त्याबद्दल त्यांना नावे ठेवत नाही. त्याच मंदिरासाठी आजचा धर्मनिष्ठ ज्यू दरवर्षी शोक करतो, आणि तो दाढी न करता. दुःख तेच, खूण मात्र पूर्ण उलटली.

ती उलटली कशी? सगळी पायरी-पायरी कुणी लिहून ठेवलेली नाही, पण दोन धागे दिसतात. एक म्हणजे केस वाढवून शोक करण्याची रीतही जुन्या काळी शेजारीच नांदत होती. दावीद राजा अबशालोमच्या बंडामुळे पळून गेला, तेव्हा शौलाचा नातू, दोन्ही पायांनी पांगळा असलेला मफीबोशेथ, राजा परत येईपर्यंत मिशी न कापता नि कपडे न धुता राहिला. दुसरा धागा कायद्याचा. लेवीय पुस्तकात अहरोनाचे दोन मुलगे, नादाब आणि अबीहू, वेदीपाशी आगीने मरतात. तेव्हा मोशे अहरोनाला आणि राहिलेल्या दोन मुलांना बजावतो की केस मोकळे सोडू नका, वस्त्रे फाडू नका. तुम्ही याजक आहात, तुमचे काम चालू आहे. पुढच्या काळातल्या पंडितांनी ह्यातून तर्क काढला. याजकांना केस वाढवायला मनाई करावी लागली, त्या अर्थी बाकीच्यांनी शोकात केस वाढवायचेच असतात.

एका बापाला दोन मुलगे डोळ्यांदेखत गेल्यावर काय करू नको ते सांगितले, आणि त्यावरून साऱ्या समाजाने काय करावे ते ठरले. धर्मशास्त्राची चाल अशीच असते. आपल्या मीमांसकांना ती परकी वाटली नसती.

ही चर्चा झाली ती रोमच्या अमदानीत आणि नंतर बाबिलोनियात. मिश्ना हा संग्रह इसवी सन २०० च्या सुमारास तयार झाला, त्यावरची विस्तृत चर्चा म्हणजे तालमूद, ती पुढची तीनशे-चारशे वर्षे चालली. तोवर पुरुषाने वेळच्या वेळी केस कापून नीटनेटके असणे ही रोजची रीत झाली होती. मग प्लुटार्कच्या सूत्राप्रमाणे शोकाची खूण केस वाढणे हीच व्हायची. गंमत अशी की शोकाचे हे सारे नियम तालमूदमध्ये सणांवरच्या एका छोट्या ग्रंथात आले आहेत. 'मोएद कातान' त्याचे नाव. सणाच्या मधल्या दिवसांत काय करावे, काय करू नये, हे सांगता सांगता पंडित शोकाकडे वळतात, कारण केस कापणे आणि कपडे धुणे ह्यांना दोन्हीकडे बंदी आहे. सणाला ती अशासाठी की माणसाने सणाआधीच आवरून घ्यावे, पारोसा सणात शिरू नये. शोकात ती अशासाठी की त्याने आवरूच नये.

ह्या ग्रंथाने दुःखाला मापे घालून दिली. तीन दिवस रडण्याचे, सात दिवस विलापाचे, तीस दिवस इस्त्रीचे कपडे नि केशकर्तन टाळण्याचे. पहिल्या सात दिवसांना 'शिवा' म्हणतात. शिवा म्हणजे सात. घरची माणसे जमिनीलगत बसून राहतात, लोक त्यांना भेटायला येतात. आपल्या सुतकाशी ह्याची तुलना पटकन मनात येते, पण इथे विटाळाचा भाग नाही. उलट शोक करणाऱ्याच्या घरी जाणे हे पुण्य. मग तीस दिवसांपर्यंत 'शलोशीम', म्हणजे तीस. माणूस कामावर जातो, पण केसांना कात्री लावत नाही. तीसच का? तर नाजीर नावाचे व्रत घेणारा माणूस केस वाढवतो, आणि त्याच्याविषयीच्या वाक्यातल्या एका हिब्रू शब्दाच्या अक्षरांची बेरीज ३० होते. हा असा हिशेब आपल्याला ओढूनताणून आणलेला वाटेल. पण तीस दिवसांचा शोक त्याहून जुना आहे. युद्धात पकडलेल्या स्त्रीला आईबापांसाठी महिनाभर रडू द्यावे, मगच तिच्याशी लग्न करावे, असे अनुवादाच्या पुस्तकात आहे.

तीस दिवसांनंतरही जो थांबत नाही त्याला तालमूद जे सांगते, त्याचा आशय असा की देवाहून अधिक दयाळू होऊ नकोस. हे वाचून मी प्रथम चरकलो होतो. आता वाटते, मापे घालणाऱ्यांनी दुःख पाहिलेले होते.

तपशिलात शिरले की नियम माणसाळलेले दिसतात. मिशी इतकी वाढली की घासात येते, तर सात दिवसांनंतर तेवढी कापायला हरकत नाही. नखे कात्रीने कापू नयेत, पण दाताने कुरतडली तर चालते. डोक्यावरून कंगवा फिरवायला बंदी नाही. स्त्रियांच्या बाबतीत मात्र एकमत झाले नाही. सोळाव्या शतकात योसेफ कारो ह्यांनी गॅलिलीतल्या सफेद गावी बसून 'शुल्हान आरुख' हा धर्मनियमांचा प्रमाणग्रंथ १५६३ साली पुरा केला. ते म्हणतात, स्त्रीला सात दिवसांनंतर मोकळीक आहे. पोलंडच्या क्राकोतले मोशे इस्सर्लेस त्यावर टीप लिहितात की तिलाही पुरुषाइतकेच बंधन आहे. वाद होता तो किती दिवस केस कापू नयेत, एवढाच. शोक म्हटल्यावर आपल्याकडच्या केशवपनाची आठवण येतेच. तिथे विधवेच्या केसांचा निर्णय दुसरेच घेत, आणि १८९० साली मुंबईच्या नाभिकांनी नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या पुढाकाराने वस्तरा खाली ठेवला तेव्हा कुठे त्याला धक्का बसला. दोन्ही गोष्टी एका तागडीत घालता येणार नाहीत, म्हणून इथेच सोडतो.

आता खरी गोष्ट. तीस दिवसांचा नियम भाऊ, बहीण, मूल, नवरा किंवा बायको गेली तर. आई किंवा वडील गेले तर तीस दिवस पुरत नाहीत. मग किती? इथे तालमूदने आकडा दिला नाही. त्याने ठरवले: जोवर केस रानासारखे वाढत नाहीत, किंवा मित्र त्याच्यावर ओरडत नाहीत, तोवर.

म्हणजे आईबापांच्या शोकातून माणसाने स्वतः बाहेर पडायचे नाही. स्वतःला कधीही वाटेल की आता पुरे, किंवा कधीच वाटणार नाही. त्याला बाहेर काढायचे काम चारचौघांचे. कुणीतरी म्हणायला हवे की बाबा रे, काय हा अवतार! ते ऐकले की तो न्हाव्याकडे जायला मोकळा. तीस दिवसांच्या आतले ओरडणे मात्र धरायचे नाही. पुढे पंडितांना प्रश्न पडलाच की मित्र भिडेखातर गप्प राहिले तर काय? तेव्हा इस्सर्लेस ह्यांनी आपल्या भागातली रीत नोंदवली की सुमारे तीन महिन्यांनी ओरडण्याची वेळ आली असे समजावे. काही ठिकाणी मात्र लोक गरज नसेल तर बारा महिने केस कापत नाहीत.

माझ्या सहकाऱ्याने दोन महिने वाट पाहिली होती. कचेरीतले आम्ही सगळे सभ्यपणे गप्प होतो, आणि त्या गप्प राहण्याने त्याला अडकवून ठेवले होते. त्याच्या नातेवाइकांनी ओरडावे, तर तेही त्याच शोकात बसलेले. मी ज्याला आगाऊपणा समजून जीभ चावली, ते त्याच्या दृष्टीने कुणीतरी करायलाच हवे असलेले काम होते. "आधीच सांगायचं नाहीस का?" असे मी त्याला पुढे एकदा विचारले. तो म्हणाला, "सांगून ओरडायला लावलं तर ते ओरडणं कसलं?"

एका माणसाच्या शोकाचे असे. पण सबंध समाजाचा शोक असेल तर मित्र कोण आणि ओरडणार कोण?

इसवी सन ७० मध्ये रोमन सेनापती टायटसने यरुशलेमचे दुसरे मंदिर पाडले. परंपरेने दोन्ही मंदिरांच्या नाशाचा दिवस एकच मानला जातो: आव महिन्याची नववी तारीख, 'तिशा बे-आव'. त्या दिवशी सूर्यास्तापासून दुसऱ्या रात्रीपर्यंत कडक उपवास. मिश्ना सांगते की ही नववी ज्या आठवड्यात येते त्यात केस कापू नयेत, कपडे धुऊ नयेत. फक्त गुरुवारी, शब्बाथच्या मानासाठी, सवलत. मूळ बंदी एवढीच, एका आठवड्याची.

मंदिर पडल्यावर काही लोकांनी मांस आणि द्राक्षारस कायमचा सोडला, अशी एक कथा तालमूदमध्ये आहे. वेदीवर आता मांस चढत नाही नि रस ओतला जात नाही, मग आम्ही कसे घेऊ? रब्बी यहोशुआ त्यांना म्हणाले, मग भाकरीही सोडा, कारण धान्याचे अर्पणही बंद झाले. फळेही सोडा, कारण पहिल्या फळांचे अर्पण थांबले. पाणीही सोडा, कारण वेदीवर पाणीही ओतत असत. तेव्हा ते गप्प झाले. मग रब्बींनी समजावले की अजिबात शोक न करणे शक्य नाही आणि फार शोक करणेही शक्य नाही. घराला गिलावा करा, पण थोडा तुकडा तसाच सोडा. इथे मित्राचे ओरडणे रब्बींनी केले, असे मला वाटते.

तरीही काळाबरोबर बंदी वाढतच गेली. युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंनी ती आठवड्यावरून तीन आठवड्यांवर नेली, तम्मूज महिन्याच्या सतराव्या तारखेपासून आवच्या नववीपर्यंत. स्पेनकडून आलेले सेफार्दी बहुतेक त्या एका आठवड्यावरच थांबले. ह्याखेरीज वसंतात आणखी एक शोककाळ आला, वल्हांडण आणि शावुओत ह्या सणांमधल्या 'ओमेर'च्या दिवसांचा. कारण असे सांगतात की दुसऱ्या शतकातले थोर गुरू रब्बी अकिवा ह्यांचे बारा हजार जोड्या शिष्य ह्या काळात साथीने मेले, एकमेकांचा मान राखला नाही म्हणून. पण तालमूदमधल्या त्या कथेत लग्न किंवा केस कापण्याच्या बंदीचा उल्लेखही नाही. लग्नाची बंदी तालमूदनंतरच्या शतकांत दिसते, केसांची त्याहून उशिरा. जर्मनीतल्या ज्यूंनी ती इतकी मनावर का घेतली, ह्याचे उत्तर बरेच इतिहासकार १०९६ च्या वसंतात शोधतात. पहिल्या धर्मयुद्धाला निघालेल्या जमावांनी त्या वर्षी ऱ्हाईन नदीकाठच्या स्पायर, वर्म्स आणि माइन्झ ह्या शहरांत ज्यूंवर हल्ले केले. वर्म्स आणि माइन्झच्या वस्त्या मे महिन्यात जवळजवळ पुसल्या गेल्या. ते दिवस ओमेरच्या उत्तरार्धातले होते. ताज्या जखमेला जवळजवळ तीन हजार किलोमीटरांच्या नि हजार वर्षांच्या अंतरावरचे जुने नाव मिळाले असावे, हे मला पटते. जुन्या दुःखाची चौकट तयार असली की नवे दुःख त्यात येऊन बसते.

ह्या काळाचा तेहतिसावा दिवस, 'लाग बा-ओमेर', मोकळीक देणारा. त्या दिवशी गॅलिलीतल्या मेरोन गावी तीन वर्षांच्या मुलांचे पहिले केस कापतात. आपण त्याला जावळ म्हटले असते.

मग रोज दाढी करण्याचे युग आले आणि सगळ्या हिशेबाची उलथापालथ झाली. ज्यू धर्मनियमात वस्तऱ्याने दाढी करायला एरवीही बंदी आहे. पण मिश्नाने ती वस्तऱ्यापुरतीच मानली, कात्रीला नाही. तेव्हा अठराव्या शतकात मध्य युरोपातल्या शहरांत ज्यांना गुळगुळीत राहायचे होते ते कात्री वापरत, नाही तर केस घालवणारा लेप. हा लेप हरताळ आणि चुन्याचा. वास भयंकर. आपल्याकडे पोथीतली चूक पुसायला जो हरताळ फासत तोच तिकडे गालाला फासला जाई.

प्रागचे प्रमुख रब्बी एझेकियल लांडाऊ (१७१३-१७९३) ह्यांच्याकडे तेव्हा प्रश्न आला, सणाच्या मधल्या दिवसांत दाढी करावी का? सण आठवड्याचा, रोजच्या सवयीचा माणूस सणाआधी दाढी करूनही चौथ्या दिवशी भिकाऱ्यासारखा दिसे. जुना नियम महिन्याने केस कापणाऱ्यांसाठी केलेला होता. लांडाऊंनी परवानगी दिली, पण एक अट घालून: दाढी करणारा न्हावी असा गरीब असावा की हे काम मिळाले नाही तर त्याला खायला नाही. सणात काम करायची मुभा अशा माणसालाच असते, म्हणून ही अट. ह्या उत्तरावर त्यांच्या हयातीत आणि नंतरही मोठा गहजब झाला; पुढच्या पिढीतल्या अनेकांनी ते मानले नाही. मला मात्र ती अट वाचताना प्रागच्या गल्लीतला, गिऱ्हाइकाची वाट पाहणारा तो न्हावीच दिसतो.

विसाव्या शतकात प्रश्न आणखी धारदार झाला. १९३१ साली जेकब शिक ह्याने अमेरिकेत विजेचे दाढीयंत्र बाजारात आणले. ते वस्तरा की कात्री, ह्यावर वाद झडले. आतल्या पात्याची चाल कात्रीसारखी आहे असे मानून पुष्कळ रब्बींनी ते चालवून घेतले, काहींनी नाही. आता धर्मनिष्ठ ज्यूही कचेरीत रोज गुळगुळीत जाऊ लागला. मग आव महिन्याआधीचे ते तीन आठवडे आणि ओमेरचे दिवस त्याने काय करावे? न्यूयॉर्कमध्ये राहणारे मोशे फाइनस्टाइन (१८९५-१९८६) ह्यांनी पोटाचा विचार केला. दाढी वाढल्याने नोकरी किंवा धंद्याचे नुकसान होणार असेल, तर तिशा बे-आवचा आठवडा सोडून एरवी दाढी करावी. बोस्टनचे योसेफ दोव सोलोवेइचिक (१९०३-१९९३) ह्यांनी वेगळी वाट काढली. ते म्हणाले, सामाजिक शोक हा खासगी शोकाच्याच साच्यात घडवलेला आहे. तिशा बे-आवचा दिवस शिवासारखा, आवचे पहिले नऊ दिवस शलोशीमसारखे, आणि आधीचे दिवस आईबापांसाठीच्या बारा महिन्यांसारखे. आणि ह्या बारा महिन्यांत मित्र ओरडले की दाढी करायची मुभा असते. रोज दाढी करणारा माणूस आज दोन-तीन दिवसांत ओरडा खातो. तेव्हा त्याने तीन आठवड्यांच्या पहिल्या भागात दाढी करायला हरकत नाही.

जळलेल्या मंदिराच्या शोकाला त्यांनी कचेरीतल्या मित्राच्या आवाजाशी नेऊन जोडले. सर्वांनी हे मानले असे नाही; कित्येक घराण्यांत आजही तीन आठवडे दाढी वाढतेच. आणि अलीकडे तर तरुणांत दाढी राखणे ही फॅशन झाली आहे. वडील गेलेल्या मुलाची दाढी पाहून मित्र ओरडणे दूरच, "छान दिसते" म्हणतील. त्याने मग कुणाच्या ओरडण्याची वाट पाहायची?

शेवटी आपल्या कोकणाकडे येऊ. बेने इस्रायल शतकानुशतके बाकीच्या ज्यू जगापासून तुटलेले होते, तरी केसांचे काही धागे त्यांनी जपले. मूल व्हावे म्हणून आई नवस बोले, मुलाचे केस सहा-सात वर्षांचा होईपर्यंत कापत नसत, मग ते उतरवून त्यांच्या भारंभार सोने किंवा चांदी दान करत. नाजीर व्रताचेच हे रूप. आणि तिशा बे-आवच्या उपवासाला त्यांनी नाव दिले 'बिरड्याचा रोजा', कारण आधीचे आठ दिवस मांस वर्ज्य करून त्या दिवशीच्या जेवणात वालाचे बिरडे असे. नाव मराठी, रोजा शब्द शेजारच्या मुसलमानांचा, आणि शोक यरुशलेमचा.

हिब्रू पंचांगही आपल्यासारखेच, अमावास्येपासून महिना मोजणारे आणि मधूनमधून अधिक महिना घालणारे. त्यामुळे अनेक वर्षी आव आणि श्रावण बरोबरीने सुरू होतात. २०२४ साली दोन्ही ५ ऑगस्टला सुरू झाले. श्रावणात आपल्याकडेही पुष्कळ लोक दाढी करत नाहीत. आमच्या त्या सहकाऱ्याला पावसाळ्यातल्या लोकलमध्ये कुणीतरी हटकून विचारी, "काय, श्रावण पाळता वाटतं?" आणि तो मान डोलावून म्हणे, "हो, आमचाही असतो."